विषय: रोजच्या जाण्यायेण्यासाठी फॅटबाइक घ्यावी का?

प्रेषक: आदित्य
दिनांक: १९ जानेवारी

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या कार्यक्रमात दोघातिघांशी हा विषय निघाला होता, पण हळदीकुंकवाच्या गर्दीत बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून इथे सविस्तर विचारतो.

आम्ही मिनिआपोलिसच्या लाँगफेलो भागात राहतो. घरात गाडी एकच आहे आणि ती सकाळी साडेसहाला पल्लवी घेऊन जाते. माझं ऑफिस डाउनटाउनमध्ये, साधारण साडेचार मैलांवर. घरापासून चार ब्लॉक आतल्या गल्ल्या, मग मिडटाउन ग्रीनवे ही सायकलवाट, साबो पूल ओलांडून हायवाथा ट्रेल आणि तिथून सरळ स्टेडियमपर्यंत. एप्रिल ते नोव्हेंबर मी हा रस्ता जुन्या हायब्रिड सायकलवर आनंदाने करतो. या वर्षी हिवाळ्यातही बंद करायचं नाही असं ठरवलं होतं. डिसेंबरमध्ये साबो पुलाच्या उतारावर, वळणावर पडलो. मनगट सुजलं, मोडलं नाही. पण तेव्हापासून बसने जातोय आणि मन लागत नाही.

दुकानात चार इंची टायरची फॅटबाइक पाहून आलो. पंधराशे डॉलरपर्यंत जाते. दुकानदार म्हणाला, हिवाळ्याला हीच. रोजच्या वापराला खरंच घ्यावी का? ज्यांनी इथे बरेच हिवाळे सायकल चालवली आहे त्यांनी कृपया सांगावं.

आदित्य


प्रेषक: रोहन
दिनांक: १९ जानेवारी

आदित्य, जरूर घे. मी तीन वर्षं चालवतोय. गोठलेल्या तळ्यावरून, वर्थ पार्कातल्या वाटांवरून जो आनंद मिळतो तो दुसऱ्या कुठल्याही सायकलवर नाही. इथल्या हिवाळ्याची भीतीच गेली माझी. फक्त मी ऑफिसला तिच्यावर जात नाही, माझं काम घरूनच असतं, एवढं लक्षात घे.

रोहन


प्रेषक: वीणा
दिनांक: २० जानेवारी

आदित्य,

मनगट आता कसं आहे? आधी ते सांग.

मी एकोणीस हिवाळे अपटाउनहून सायकलने कामाला जाते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मराठीत आपण आभाळातून पडतो त्यालाही बर्फ म्हणतो आणि पाणी गोठून होतो त्यालाही बर्फच म्हणतो. तुझ्या प्रश्नातली अर्धी अडचण या एका शब्दात आहे. हे दोन वेगळे पदार्थ आहेत आणि दोघांवर वेगळं चाक लागतं.

पहिला भुसभुशीत. त्यात चाक रुततं. तिथे फॅटबाइकचं काम उंटाच्या पायासारखं असतं: तेवढंच वजन जास्त जागेवर पसरायचं. तू, सायकल, डबा आणि बॅग मिळून २२० पौंड धरू. टायरमध्ये ५० पीएसआय (दर चौरस इंचाला ५० पौंड दाब) हवा असेल, तर दोन्ही चाकं मिळून जमिनीला टेकणारी जागा ढोबळमानाने साडेचार चौरस इंच होते. हवा ८ पीएसआयवर आणलीस तर तीच जागा साडेसत्तावीस चौरस इंच होते. सहापट. एवढी कमी हवा बारीक टायरमध्ये ठेवली तर रिम जमिनीवर आपटेल. टायर रुंद करण्याचं खरं कारण हेच आहे.

दुसरा बर्फ काचेसारखा. त्यात काही रुतत नाही, त्यावरून घसरतं. घर्षण हे किती जागा टेकली आहे यापेक्षा कोणता पदार्थ कशावर टेकला आहे आणि किती वजनाने, यावर जास्त ठरतं. ओलसर काचेवर दोन इंच रबर ठेव नाहीतर चार इंच, दोन्ही सरकणार. तिथे खिळे लागतात. टंगस्टन कार्बाइडची टोकं असलेले टायर मिळतात. ते बर्फात रुतून धरून ठेवतात.

आता तुझा रस्ता बघ. ग्रीनवे आणि हायवाथा ट्रेलवर बर्फ हटवणारा नांगर लवकर फिरतो, कधीकधी तर माझ्या गल्लीच्या आधी. म्हणजे भुसभुशीत बर्फ तुझ्या वाट्याला फार वेळ येतच नाही. पण नांगर वरचा थर उचलतो, खालचा पातळ पापुद्रा राहतो. दिवसा तो वितळतो, रात्री गोठतो, आणि मार्चमध्ये तर रोज हाच खेळ. मीठ टाकतात, पण पारा १५ फॅरनहाइटच्या खाली गेला की साधं मीठ जवळपास निकामी होतं. पुलाला खालून जमिनीची ऊब नसते, वारा दोन्ही बाजूंनी लागतो, त्यामुळे पूल रस्त्याच्या आधी गोठतो. तू पडलास ते नेमकं पुलावर, वळणावर. तिथे फॅटबाइक असती तरी तू पडला असतास.

माझं मत स्पष्ट आहे. आहे त्या सायकलला खिळेवाले टायर लाव. दोन टायर मिळून दोनशे डॉलरच्या आत होतात. फॅटबाइक घेतलीस तरी खिळे लागणारच, आणि तिच्या खिळेवाल्या एकेका टायरला दोनशेच्या वर पडतात. दुकानदार हे पहिल्या दिवशी सांगत नाहीत.

वीणाताई


प्रेषक: श्रीरंग
दिनांक: २० जानेवारी

नमस्कार,

ताईंचं पुलाबद्दलचं म्हणणं पूर्ण मान्य. पण आदित्यच्या मार्गातले पहिले चार ब्लॉक राहिले.

मी नॉर्थईस्टला राहतो, फॅटबाइक रोज चालवतो, सातवा हिवाळा. स्नो इमर्जन्सी लागली, म्हणजे जास्त बर्फ पडल्यावर शहराने ती जाहीर केली, की पहिल्या रात्री मोठे रस्ते साफ होतात. आतल्या गल्ल्यांची समांकी (सम घरक्रमांकांची) बाजू दुसऱ्या दिवशी आणि विषमांकी तिसऱ्या दिवशी. आणि इमर्जन्सी न लागता तीनचार इंच पडला, तर गल्लीतला बर्फ गाड्यांच्या चाकांखाली दाबला जातो आणि रात्री तसाच गोठतो. त्याच्या चाकोऱ्या तयार होतात. माझं आजोळ कराडजवळ. पाऊस संपला की ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्या वाळून दगड व्हायच्या. त्यात सायकलचं पुढचं चाक गेलं की हँडल आपलं राहत नसे, चाकोरी नेईल तिकडे जावं लागे, आणि बाहेर काढायला गेलं की आडवं. इथल्या गल्लीत जानेवारीत तंतोतंत तेच होतं. खिळे असलेलं बारीक चाकही चाकोरीच्या कडेला अडकतं. चार इंची चाक त्या कडा गिळून पुढे जातं. त्यावर दुसरा एक प्रकार असतो, मिठाने अर्धवट विरघळलेला, तपकिरी, गुळाच्या पावडरीसारखा. त्यात बारीक चाक मागच्या मागे फिरत राहतं.

तरी मी आदित्यला डोळे झाकून घे म्हणणार नाही. ही सायकल ज्या कामासाठी जन्मली ते काम वेगळं आहे. अलास्कात १९८७ पासून इडिटारॉड या कुत्र्यांच्या स्लेज शर्यतीच्या वाटेवर हिवाळी सायकल शर्यत भरू लागली. तिथे लोक दोन रिम एकमेकांना जोडून रुंद चाकं बनवत. तिथे नांगरच नाही, शेकडो मैल नुसता भुसभुशीत बर्फ. मग आपल्या शेजारच्या ब्लूमिंग्टनमधल्या सर्ली या सायकल कंपनीने २००५ मध्ये पग्सली काढली, ३.७ इंची टायरची, आणि ती साध्या दुकानात मिळू लागली. मला याचा अभिमान वाटतो, आपल्या गावची वस्तू आहे. पण कोरड्या डांबरावर ती जड जाते. माझी तेहतीस पौंडांची आहे. जो रस्ता साध्या सायकलवर २८ मिनिटांत होतो त्याला ३६ लागतात. कमी हवेत डांबरावर वळलं की पुढचं चाक स्वतःच हँडल ओढतं, त्याची सवय व्हावी लागते.

घेतलीस तर हवेकडे लक्ष ठेव. घरात ६८ अंश फॅरनहाइटला १० पीएसआय भरून उणे ४ मध्ये बाहेर पडलास की तासाभरात ती साडेसहावर येते. बारीक टायरला एवढ्याने फारसं बिघडत नाही, पण फॅटबाइकला १० आणि साडेसहा म्हणजे दोन वेगळ्या सायकली. साध्या पंपाचा काटा इतकं खालचं नीट दाखवतही नाही. कमी दाबाचं वेगळं मीटर घ्यावं लागतं.

श्रीरंग


प्रेषक: आदित्य
दिनांक: २१ जानेवारी

वीणाताई, मनगट बरं आहे, विचारल्याबद्दल मनापासून आभार. श्रीरंगदादा, चाकोरीचं वाचून थांबलो, कारण पहिल्या दोन ब्लॉकमध्ये रोज तेच होतं आणि मला वाटायचं मलाच चालवता येत नाही.

अजून दोन गोष्टी. परत येताना थकलो तर सायकल बसच्या पुढच्या रॅकवर टाकायची सोय हवी आहे. आणि सायकल दुसऱ्या मजल्यावर, घरात ठेवावी लागेल. यात काय फरक पडेल?

आदित्य


प्रेषक: श्रीरंग
दिनांक: २१ जानेवारी

रॅकचं तू स्वतः पाहा. माझं चाक त्या खोबणीत नीट बसत नाही आणि वरचा आकडा टायरवर पुरेसा येत नाही. मी तो नाद सोडला.

घरात रोज आणू नकोस, मग ती कुठलीही सायकल असो. गरम खोलीत तिच्यावर पाणी धरतं, बर्फ वितळून केबलमध्ये, ब्रेकमध्ये शिरतो, आणि सकाळी बाहेर नेलं की तिथेच गोठतो. थंड जागी झाकून ठेव. तळमजल्याचा जिना, गॅरेज, मागची बाल्कनी, काहीही चालेल. आठवड्यातून एकदा आत आणून मीठ धुवायचं, पूर्ण सुकू द्यायचं, चेनला तेल द्यायचं, मग बाहेर.

आणखी एक, कारण मी यात सापडलो होतो. उणे १२ फॅरनहाइटला अर्ध्या रस्त्यात पॅडल मोकळंच फिरायला लागलं. मागच्या हबमधलं ग्रीस घट्ट झालं होतं आणि फ्रीव्हीलची कुत्री, म्हणजे दात्यांत अडकणाऱ्या छोट्या खिट्ट्या, दात धरत नव्हती. दीड मैल ढकलत नेली, पायाची बोटं दोन दिवस बधिर होती. त्या थंडीत ही नुसती गैरसोय नसते. नोव्हेंबरमध्येच हब उघडून पातळ तेल घालून घे, दुकानाला स्पष्ट सांगून.

श्रीरंग


प्रेषक: निर्मला
दिनांक: २२ जानेवारी

आदित्य बाळा, मी फिजिओथेरपिस्ट होते म्हणून एवढंच लिहिते. फॅटबाइकचं मागचं चाक रुंद, त्यामुळे पॅडल दोन्ही बाजूंना लांब जातात आणि पाय फाकून चालवावी लागते. बऱ्याच जणांना काही होत नाही. पण तुझ्या गुडघ्याचं मागे ऑपरेशन झालंय. रोजचे नऊ मैल आहेत. विकत घेण्याआधी दोन दिवस भाड्याने आणून सलग चालव, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गुडघा काय म्हणतो ते बघ.

निर्मलाकाकू


प्रेषक: आदित्य
दिनांक: २ फेब्रुवारी

नमस्कार,

काकूंचं ऐकलं. शनिवार-रविवार फॅटबाइक भाड्याने आणली. योगायोगाने शुक्रवारी रात्री चार इंच पडला होता.

शनिवारी सकाळी गल्लीत मी इतका शांतपणे कधीच चाललो नव्हतो. चाकोरीत चाक जायचं आणि बाहेर यायचं, मला काही करावं लागत नव्हतं. श्रीरंगदादा म्हणाले ते शब्दशः खरं. ग्रीनवेला लागलो तर तो तोवर साफ झाला होता. तिथून पुढचे चार मैल टायरची घरघर ऐकत, घाम गाळत गेलो. साबो पुलावर मुद्दाम उतरलो. पडलो होतो त्या वळणावर पाऊल घासून पाहिलं, पापुद्रा होताच. सायकल हाताने धरून पुढचं चाक आडवं ढकललं. सरकलं. तीन-चारदा करून पाहिलं, दर वेळी सरकलं. वीणाताई, तिथे माझा निर्णय झाला. सोमवारी गुडघाही थोडा कुरकुरला.

मग हिशेब सोपा होता. साडेचार मैलांपैकी चार मैल काचेचे आणि अर्धा मैल चाकोऱ्यांचा. चाकोऱ्यांमधून मी सायकल हातात धरून चालू शकतो, किंवा दोन ब्लॉक वळसा घालून साफ केलेल्या मोठ्या रस्त्याने जाऊ शकतो. पूल मात्र रोजच्या वाटेवर आहे.

जुन्या हायब्रिडला ३८ मिलिमीटरचे खिळेवाले टायर मागवले. खिळे मडगार्डला घासतील म्हणून मडगार्ड एक बोट वर घेतलं. उरलेल्या पैशांतून हँडलवर चढवायचे जाड मोजे आणि चांगला पुढचा दिवा घेतला. पल्लवीची एकच अट आहे: पूल ओलांडला की तिला मेसेज करायचा. ती मी पाळणार आहे.

रोहन, तुझ्याबरोबर तळ्यावर यायचं मात्र आहे. त्या रविवारी संध्याकाळी परत करण्याआधी तासभर पार्कात फिरलो, आणि ते मनातून जात नाही.

नवे खिळे घट्ट बसायला पहिले तीसेक मैल डांबरावर सावकाश, जोरात ब्रेक न मारता चालवायचे असतात. रविवारी सकाळी नऊला ग्रीनवेवरून नदीपर्यंत आणि परत, अशा फेऱ्या मारणार आहे. कोणी सोबत येतंय का? थर्मासमध्ये आल्याचा चहा असेल.

आदित्य


प्रेषक: वीणा
दिनांक: २ फेब्रुवारी

मी येते. माझ्याकडे सुटे खिळे आणि ते बसवायचं हत्यार आहे, ते आणते. पहिल्याच दिवशी एकदोन गळतात.

वीणाताई