सोसायटी ग्रुप : फोटोतले नंबर झाकायचे कसे?

सचिव: पार्किंगच्या तक्रारींचे फोटो, नोंदवहीची पानं, भाडेकरूंचे कागद ग्रुपवर टाकताना यापुढे नंबर, सह्या आणि चेहरे झाकूनच टाकावेत, असं समितीत ठरलंय. झाकायचं कसं, हे ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी इथेच लिहा.

ए-२०१: ब्लर केलं की झालं ना? व्हॉट्सॲपच्या पेनमध्येच तो चौकोनी ठिपक्यांचा ब्रश आहे.

सी-५०४: काकू, आकड्यांसाठी तो नको. ब्लर किंवा मोझेक (ते चौकोनी ठिपके) केल्याने मजकूर पुसला जात नाही, शेजारशेजारच्या पिक्सेलांची सरासरी निघते. आकडे दहाच आणि छापील टाइप ओळखता येतो. त्याच टाइपात ० ते ९ लिहायचे, तेवढेच ब्लर करायचे आणि तुमच्या फोटोतल्या डागाशी ताडून बघायचे. १६ आकडी नंबर असला तरी एकेक आकडा सुटा जुळतो, म्हणजे ढोबळमानाने १६० तुलना. २०२० मध्ये आलेलं डीपिक्स आणि २०२२ मधलं अनरिडॅक्टर ही साधनं अशा जुळवाजुळवीवरच चालतात. स्क्रीनशॉटमध्ये अक्षरं पिक्सेलला पिक्सेल नेमकी बसलेली असतात, म्हणून तिथे धोका सर्वांत जास्त. कॅमेऱ्याने तिरक्या काढलेल्या फोटोत हे अवघड जातं, पण त्यावर विसंबू नका.

ए-२०१: आणि चेहरा भोवऱ्यासारखा फिरवणारा फिल्टर?

सी-५०४: तो तर सगळ्यांत कच्चा. त्यात पिक्सेल हरवत नाहीत, फक्त जागा बदलतात. उलट फिरवलं की चेहरा परत. २००७ मध्ये जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी एका गुन्हेगाराचा असा फिरवलेला चेहरा उलगडला, इंटरपोलने तो जगभर प्रसिद्ध केला आणि दोन आठवड्यांच्या आत तो माणूस सापडला. आपल्याकडे चेहरा झाकायचाय तो लहान मुलांचा, पाहुण्यांचा. तिथे सरळ भरीव गोल किंवा चौकोन टाका.

डी-१०३: मी फोनमधल्या मार्करने काळं करते, दोन-तीनदा फिरवून. स्क्रीनवर काहीच दिसत नाही.

सी-५०४: ताई, डोळ्यांना दिसत नाही, फाइलमध्ये असतं. हायलायटरसारखी टोकं अर्धपारदर्शक असतात. ब्राइटनेस, एक्सपोजर आणि शॅडोज शेवटपर्यंत वर नेले की काळ्याखालचे आकडे करड्या रंगात उमटतात. त्याऐवजी अपारदर्शक पेन घ्या, नाहीतर भरीव चौकोन. ओपॅसिटीची पट्टी असेल तर १००. झाल्यावर तोच फोटो पुन्हा एडिटमध्ये उघडून या तिन्ही पट्ट्या टोकापर्यंत सरकवून बघा. काळा भाग सगळीकडे एकसारखा राहिला पाहिजे.

बी-३०२: कंप्युटरवर करणाऱ्यांसाठी गिम्प या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची पद्धत देते, फुकट आहे. रेक्टँगल सिलेक्टने नंबरभोवती चौकोन आखा. ‘फेदर एजेस’ची खूण आधी काढा, नाहीतर कडा विरळ होतात आणि पहिला-शेवटचा आकडा अर्धा दिसतो. मग एडिट मेनूतून फोरग्राउंड रंगाने भरा, रंग काळा. चौकोन अक्षरांना चिकटवून आखू नका. जेपेगमध्ये चित्र ८ बाय ८ पिक्सेलांच्या ठोकळ्यांत साठवलं जातं, त्यामुळे अक्षराची पुसट सावली त्याच ठोकळ्यात अक्षराबाहेरही पसरलेली असते. चारही बाजूंनी १६ पिक्सेल तरी मोकळे घ्या. नाव झाकताना तर उजवीकडे आणखी लांबवा; पट्टीच्या लांबीवरून किती अक्षरं असतील हे कळतं आणि इमारतीत नावं मोजकीच असतात.

बी-३०२: एक राहिलं. सिलेक्ट करून डिलीट दाबू नका. चित्राला अल्फा चॅनल (पारदर्शकतेची नोंद) असेल तर तो भाग फक्त पारदर्शक होतो, खालचा रंग तिथेच असतो. पीएनजी एक्सपोर्ट करताना पारदर्शक पिक्सेलांचे रंग जपण्याची एक खूण असते, ती राहिली तर सगळं फाइलसोबत गेलं. आणि गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल कोणालाच पाठवू नका, तिच्यात थर (लेयर) सुटे असतात. वरचा थर बंद केला की नंबर समोर. एक्सपोर्ट करून जेपेग किंवा पीएनजी द्या.

ए-४०२: क्रॉप केलं तर? कापलेला भाग गेलाच ना?

सी-५०४: बहुतेक वेळा जातो, पण नेहमी नाही. वर्डमध्ये क्रॉप केलेल्या चित्राचा उरलेला भाग फाइलमध्येच असतो. ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये कापलेले भाग काढून टाकायची खूण करावी लागते. शिवाय मार्च २०२३ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअप या एडिटरमधला आणि विंडोज ११च्या स्निपिंग टूल या स्क्रीनशॉटच्या साधनातला दोष उघड झाला होता. नवी लहान फाइल जुन्या मोठ्या फाइलवर लिहिली जायची, पण मागे उरलेलं शेपूट कापलं जात नव्हतं. त्या शेपटातून कापलेला भाग बराचसा परत मिळायचा. दुरुस्ती झाली, पण त्याआधी कापून पाठवलेली चित्रं जिथे आहेत तिथे तशीच आहेत.

डी-१०३: आयफोनवर झाकलं तरी ‘रिव्हर्ट’ येतं. म्हणजे मूळ फोटो समोरच्याकडेही जातो का?

सी-५०४: एअरड्रॉपने ‘ऑल फोटोज डेटा’ चालू ठेवून पाठवलात तर जातो, संपादनाच्या इतिहासासकट. ती खूण बंद ठेवा. लाइव्ह फोटो असेल तर लाइव्हही बंद करा, कारण त्यात मागचीपुढची दीडदीड सेकंदांची चित्रफीत असते आणि तुम्ही काळं केलंय ते फक्त मधल्या चित्रावर. सोपा उपाय: झाकून झालं की पूर्ण स्क्रीनवर उघडून स्क्रीनशॉट काढा आणि तोच पाठवा. थर, इतिहास, चित्रफीत, कॅमेऱ्याने नोंदवलेलं ठिकाण, यातलं काही त्यात येत नाही. दर्जा थोडा उतरतो, तक्रारीच्या फोटोला चालतो.

ए-४०२: ठिकाण तर व्हॉट्सॲप काढून टाकतं ना?

बी-३०२: फोटो म्हणून पाठवला तर. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते, अक्षांश-रेखांश आणि वेळेसकट. समितीला ईमेलने मूळ फोटो पाठवणाऱ्यांनीही हे बघावं. विंडोजवर फाइलच्या प्रॉपर्टीज, डिटेल्समध्ये खाली वैयक्तिक माहिती काढायचा दुवा आहे. गिम्पमध्ये एक्सपोर्टच्या खिडकीत एक्झिफ (ठिकाण, वेळ वगैरे माहिती) आणि थंबनेल या दोन्ही खुणा काढा. थंबनेल विसरलं जातं. काही ॲप मोठं चित्र बदलतात आणि आतलं छोटं चित्र जुनंच ठेवतात.

सचिव: पीडीएफवर काळी पट्टी ओढली तर चालेल का? भाडेकरारांचं तसंच करतो आपण.

सी-५०४: नाही चालणार, काका. पट्टीखालचा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करता येतो. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख मॅनाफोर्ट यांच्या खटल्यात त्यांच्या वकिलांनी दाखल केलेल्या कागदात हेच झालं, काळ्या ओळी पत्रकारांनी कॉपी-पेस्ट करून वाचल्या. पानाचं चित्र करा, त्यावर भरीव चौकोन टाका, मग हवं तर पुन्हा पीडीएफ करा.

ए-२०१: कार्डाचे शेवटचे दोन आकडे झाकले तर पुरे का?

सी-५०४: अजिबात नाही, काकू. कार्डाचा शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांच्या हिशेबातून ठरतो. एक झाकलात तर एकच उत्तर निघतं, दोन झाकलेत तर फक्त दहा. सगळा नंबर झाका. क्यूआरचंही तसंच. त्यात दुरुस्तीची सोय असल्याने प्रकारानुसार ७ ते ३० टक्के भाग खराब असला तरी तो वाचता येतो, कोपऱ्यावर बोट ठेवून काही होत नाही. उभ्या रेघांच्या बारकोडची तर एक आडवी पातळ पट्टी मोकळी राहिली तरी पुरते.

डी-१०३: आणि किल्ल्या? नव्या कुलपाचे फोटो येतात ग्रुपवर.

बी-३०२: दात दिसत असतील तर झाकाच. २००८ मध्ये सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी १९५ फुटांवरून काढलेल्या फोटोवरून किल्लीची घडण काढून दाखवली होती.

डी-१०३: [फोटो] हा पार्किंगचा. बघा बरं, बरोबर आहे का?

सी-५०४: प्लेट उत्तम झाकलीय, ताई. काचेवरच्या स्टिकरचा क्यूआर मात्र पूर्ण दिसतोय. आणि शेजारच्या काळ्या गाडीच्या दारात प्लेट उलटी उमटलीय, मोठं करून बघा, शेवटचे चार आकडे वाचता येतात.

डी-१०३: हो की! सर्वांसाठी डिलीट करतेय. ज्यांच्या गॅलरीत आपोआप सेव्ह झाला असेल त्यांनी तिथूनही काढा, प्लीज. दहा मिनिटांत नवा टाकते.