कॅथरीन हॉवर्ड म्हणे ‘स्वतःच्या कर्माने’ गेली!

शेवरीचा_कापूस:
काल इथे एकाने इंग्लंडच्या हेन्री आठव्याच्या सहा राण्यांवर लिहिताना शिरच्छेद झालेल्या पाचवीला, कॅथरीन हॉवर्डला, एका ओळीत उडवलं: ‘उथळ पोरगी, स्वतःच्या कर्माने गेली.’ डोकंच फिरलं, म्हणून वेगळा धागा.

२८ जुलै १५४० ला ओटलंड्सच्या महालात लग्न लागलं तेव्हा नवरदेव ४९ वर्षांचे, पायाला वाहती जखम. नवरीचं जन्मसालसुद्धा कुणी धड नोंदवलं नाही, विशीच्या अलीकडे-पलीकडे. आई नाही, बाप कर्जबाजारी, म्हणून पोरगी सावत्र आजीकडे, नॉरफोकच्या विधवा डचेसकडे टाकलेली. तिथे गाणं शिकवायला आलेल्या मॅनॉक्सने हात टाकला तेव्हा ती १३ ते १५ वर्षांची. मग डचेसच्याच पदरचा डिअरहॅम. हे तिचं कर्म? ती राणी झाल्यावर मिरवला काका नॉरफोक. प्रकरण फुटताच राजाला पत्र लिहून पुतणीला झटकून मोकळा!

खडूस_वकील:
ताई, भावना पोचल्या. पण राजाचा खास सेवक कल्पेपर लग्नानंतरचा आहे, तो सोयीस्कर गाळलात. १५४१ च्या उत्तरेच्या दौऱ्यात लिंकन, पाँटेफ्रॅक्ट, यॉर्क, मुक्काम बदलला तरी रात्रीच्या भेटी चालूच. राणीची दासी-सखी लेडी रॉचफर्ड पहाऱ्याला. वर त्याला स्वहस्ते लिहिलेलं पत्र. सख्ख्या आतेबहिणीचं, हेन्रीच्याच दुसऱ्या राणीचं, ॲन बोलिनचं मुंडकं उडून पाचच वर्षं झाली होती. एवढं तरी कळायला नको?

शेवरीचा_कापूस:
भेटी झाल्या. शरीरसंबंध चौकशीत दोघांनीही नाकारला. तेही गाळू नका.

मालूआत्या:
मला राग येतो तो त्या डचेसचा. मुलींच्या दालनाला रात्री कुलूप, किल्ली चोरून पोरं आत, सोबत वाइन, स्ट्रॉबेऱ्या, सफरचंदं. मॅनॉक्सने जळफळून निनावी चिठ्ठी लिहिली आणि म्हातारीच्या चर्चमधल्या बसायच्या जागी ठेवली. तिने कॅथरीन आणि डिअरहॅमला मिठीत पकडलंही होतं. बदडलं, विषय संपला.
आमच्या होस्टेलच्या रेक्टरबाई हुबेहूब अशाच. निनावी पत्र आलं की मुलीला बोलावून झापायचं. लिहिणारा कोण, हे कधी शोधलं नाही. माझ्या रूममेटला बापाने घरी नेलं ते कायमचं.

निवांत_नाना:
रेक्टरवर घसरू नका. माझी बायको रेक्टर होती. सगळं होस्टेल एकटीच्या जिवावर, वॉचमन एक, तोही घोरणारा. मुलगी उशिरा आली तर पालकांच्या शिव्या हिलाच, आणि अडवलं तर मुलींच्या. तब्येतीची वाट लागली तिच्या.

मालूआत्या:
नाना, माझी रूममेट उशिरा आली नव्हती. खोलीत अभ्यास करत होती.

निवांत_नाना:
एका रेक्टरवरून सगळ्यांना झोडपायचं का?

मालूआत्या:
एका पत्रावरून मुलीला झोडपलं तेव्हा कुठे होतात?

आग्यावेताळ:
होस्टेलपुराण आवरा. राणी राहिली बाजूला.

खडूस_वकील:
धन्यवाद. मूळ मुद्दा. डिअरहॅमशी आधी लग्नाचं वचन झालं होतं एवढं कबूल केलं असतं तर राजाशी झालेलं लग्नच बाद ठरत होतं. मग व्यभिचार कुठला? ती मात्र ‘वचन नव्हतं, त्याने जबरदस्ती केली’ यावर अडून बसली. मूर्खपणा. सल्ला द्यायला वकील नव्हता, हे मान्य.

शेवरीचा_कापूस:
वकील कसला, खटलाच नव्हता! संसदेत विधेयक, ११ फेब्रुवारी १५४२ ला मंजुरी, तीही राजाला त्रास नको म्हणून प्रतिनिधींकरवी. १३ ला शिरच्छेद. पूर्वायुष्य लपवून राजाशी लग्न करणं हा राजद्रोह, हे कलम त्याच कायद्यात घुसडलेलं. लग्नाला तोवर दीड वर्ष उलटलेलं. लेडी रॉचफर्डला कोठडीत वेड लागलं, तर वेड्यांनाही राजद्रोहासाठी मारता यावं असा वेगळा कायदा केला. बोला वकीलसाहेब.

खडूस_वकील:
कायदा म्हणून ते लाजिरवाणंच. घ्या, जिंकलात. कल्पेपरला लिहिलेलं पत्र तरीही तिचंच.

शेवरीचा_कापूस:
लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत पडलेल्या म्हाताऱ्या काउंटेस मार्गारेट पोलला स्वतःच्या खर्चाने गरम कपडे पाठवले तेही हिनेच. आणि आदल्या रात्री शिरच्छेदाचा ओंडका खोलीत मागवून मान कशी ठेवायची याचा सराव केला. फारच उथळ बुवा.

आग्यावेताळ:
हे मात्र माहीत नव्हतं.

निवांत_नाना:
आत्या, होस्टेल कुठल्या गावचं तुमचं?

मालूआत्या:
नाही सांगत. तुमच्या बायकोचंच निघायचं.