भाऊबीजेला ‘थामा’ बघायचा का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची २०२५ च्या दिवाळीतली चर्चा

अमोल (ए-५०१): सगळ्यांना पाडव्याच्या शुभेच्छा. उद्या भाऊबीजेला ताई येतेय. तिची दोन आणि आमचा एक, अशी पलटण आहे. ‘थामा’ सिनेमाला नेऊ का? कुणी बघितलाय?

सई (बी-४०३): मोघे काकूंना विचार दादा. त्यांनी कालच बघितला असणार.

कदम (सेक्रेटरी): काल लक्ष्मीपूजन होतं.

मोघे काकू (बी-२०२): लक्ष्मीपूजन संध्याकाळी होतं हो कदम. सकाळच्या शोला कोणी नसतं, पाय पसरून बसता येतं.

अमोल: मग कसा आहे काकू? एका शब्दात सांगा.

मोघे काकू: एका शब्दात हवं असेल तर पोस्टर बघ. मी आता दिवे लावून येते, मग सांगते.

मोघे काकू: हं. आयुष्मान खुराना पत्रकार आहे, जंगलात सापडतो, तिथे त्याला रश्मिका भेटते. ती ताडका, बेताळांच्या टोळीतली. या बेताळांनी माणसाचं रक्त प्यायचं सोडून दिलेलं असतं. का, तर फाळणीच्या वेळी माणसं एकमेकांशी जे वागली ते बघून त्यांना आपल्या रक्ताचाच वीट आला. भुतांनी माणसाला नाक मुरडायचं! ही कल्पना मला एवढी आवडली की मी सरसावून बसले. आणि मग त्या कल्पनेला कोणी विचारतच नाही. गाणं येतं, मग दुसरं गाणं येतं, मग ‘भेडिया’ सिनेमातला तो लांडगा होणारा भेडिया येऊन मारामारी करून जातो. त्याचा इथे काय संबंध? तर पुढचे सिनेमे यायचेत, त्यांची ही तजवीज. आपण तिकीट काढून जाहिरात बघतो. परेश रावल बाप झालाय, तो पडद्यावर असतो तेवढा वेळ मात्र मी खळखळून हसले.

सई: काकू, भेडिया आल्यावर आमच्या थिएटरमध्ये शिट्ट्या पडल्या. सगळ्या भुतांचं एकच विश्व आहे, तीच तर मजा आहे. २०१८ च्या ‘स्त्री’पासून चाललंय ते.

मोघे काकू: चालू दे की. पण पहिल्या ‘स्त्री’ला हे विश्वबिश्व काही नव्हतं. चंदेरी गाव, घाबरलेले पुरुष आणि भिंतीवर लिहिलेलं ‘ओ स्त्री कल आना’. बाई रात्री एकटी बाहेर पडायला घाबरते, इथे बुवा घाबरतात. विनोद तोच आणि भीतीही तीच, दोन्ही वेगळी काढता येत नाहीत. दुसऱ्या भागातला सरकटा, म्हणजे ते बिनडोक्याचं भूत, मला त्यामुळेच पटला. त्याला शिकलेल्या, आपल्या मनाने चालणाऱ्या मुली नको असतात. असले सरकटे डोकं शाबूत असूनही हिंडताना दिसतात.

मेघना (ए-२०३): हाहाहा काकू

मोघे काकू: माझी एकच कसोटी आहे. भुताला काय हवंय? ते धड सांगता आलं तर सिनेमा निम्मा जमला. मुंज्याला लग्न हवंय. तुंबाडच्या हस्तरला अन्न हवंय. आणि ‘झपाटलेला’तल्या आपल्या तात्या विंचूला माणसाचं शरीर हवंय, तेही कुणाचंही चालत नाही, ज्याला त्याने पहिल्यांदा आपलं गुपित सांगितलं त्याचंच, म्हणजे लक्ष्याचं. एवढा साधा नियम १९९३ साली महेश कोठारेंनी घालून दिला आणि रामदास पाध्यांच्या बाहुल्याने आख्ख्या महाराष्ट्रातली पोरं पलंगाखाली बघायला लावली. ज्या भुताला काहीच नको असतं ते नुसतं दारं आपटत बसतं.

नाईक काका (ए-१०२): ‘मुंज्या’ आमच्या घरात सगळ्यांनी दोनदा बघितला. पण मला एक सांगा, गोष्ट कोकणातली, पिंपळ कोकणातला, मुंज्या कोकणातला, आजी सुहास जोशी, आणि सिनेमा हिंदी? आईचं काम तर मोना सिंगला दिलंय. मराठीत का नाही काढला?

मोघे काकू: मराठीत काढला असता तर तो मुंज्या पडद्यावर आणायला पैसा कुठून आला असता? ते पोरगं सगळं संगणकावर केलेलं. आणि दिग्दर्शक आपलाच, आदित्य सरपोतदार. ‘क्लासमेट्स’, ‘फास्टर फेणे’ त्याचेच. ‘थामा’ही त्याचाच आहे, म्हणून तर काल मला जास्त राग आला. दुसऱ्या कोणी केला असता तर सोडून दिलं असतं.

सई: आणि ‘झोंबिवली’!!! आपल्या डोंबिवलीवर काढलेला, त्याला विसरलात?

मोघे काकू: विसरते कशी. २६ जानेवारी २०२२ ला आला. तेव्हा करोनामुळे थिएटरं निम्मीच भरायची परवानगी होती, नाहीतर त्याने बक्कळ कमावलं असतं.

अमोल: त्यात बाटलीतल्या पाण्याने माणसांचे झोंबी होतात ना?

सई: हो. आणि मग टॉवरवाले नि झोपडपट्टीवाले एकत्र येऊन लढतात. काकू, पण झोंबीला काय हवं असतं? काहीच नाही. तुमची कसोटी तिथे बोंबलली.

मोघे काकू: झोंबीला काही नको असतं म्हणूनच तिथे माणसाला हवं असावं लागतं. अमेय वाघला बायकोला सांभाळायचंय, ललित प्रभाकरला वस्ती वाचवायचीय. झोंबी काय, पावसात रस्त्यावर साठणाऱ्या पाण्यासारखे, त्यांच्यातून वाट काढायची.

कदम (सेक्रेटरी): पाण्यावरून आठवलं. उद्या पाणी सकाळी ७ ते ८ च येईल. पाहुणे येणार आहेत त्यांनी भरून ठेवावं.

नाईक काका: गेल्या वर्षी ‘मुंज्या’च्या मागोमाग आठवड्याने ‘अल्याड पल्याड’ आला होता, तो कोणी बघितला का? गावपळणीवर होता. गावपळण काय असता ता आमका इचारा. आमच्या आचऱ्याला देवाचा कौल घेतात आणि तीन दिवस तीन रात्री आख्खं गाव वेशीबाहेर राहतं. गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी बरोबर. गावात चिटपाखरू राहत नाही. दर तीन-चार वर्षांनी. लहानपणी मला त्यात भीती कधी वाटलीच नाही, राहुट्यांमध्ये भजनं नि जेवणावळी, शाळेला सुट्टी. भीती वाटायची ती परत येताना. बंद घराचं कुलूप काढायला आजी पहिल्यांदा कोणाला पुढे करणार याची. शेवटी माझाच नंबर लागायचा.

मेघना: बाप रे काका. हे सिनेमात आहे का?

नाईक काका: सिनेमात गावात मागे राहिलेल्यांची गोष्ट आहे. गौरव मोरे हसवतो, मकरंद देशपांडे नुसता बघतो तरी पुरे. पण कुलूप उघडायचा प्रसंग नाही. तो घ्यायला हवा होता.

मोघे काकू: नाईक, तुम्हीच लिहा. खरंच.

मेघना: मला भीतीपेक्षा ‘जारण’ने जास्त त्रास दिला. अमृता सुभाष आईबरोबर हसत बोलत असते, आणि मधेच तिचा चेहरा बदलतो. भूत दाखवतच नाहीत. मी त्या रात्री पॅसेजचा दिवा चालू ठेवला होता.

मोघे काकू: ‘जारण’ हा यंदाचा माझा आवडता. हृषीकेश गुप्ते मुळात भयकथा लिहिणारा माणूस, त्याला ठाऊक आहे की दार उघडण्यापेक्षा ते किलकिलं ठेवणं जास्त वाईट. अनिता दातेची ती गंगुटी! करणी खरी की बाईचं मन आजारी, हा प्रश्न तो शेवटपर्यंत हातात धरून ठेवतो. गंमत बघा, ६ जूनला ‘जारण’ आणि ‘हाऊसफुल ५’ एकाच दिवशी लागले. ‘हाऊसफुल’च्या दोन आवृत्त्या होत्या, ५ए आणि ५बी, दोन्हींत खुनी वेगळा. शेवट दोन, विनोद एकही नाही. आमच्या इथे त्याला दिवसभर शो आणि ‘जारण’ला रात्री पावणेअकराचा. भयपट म्हणून रात्रीचा दिला असेल असं मी स्वतःला समजावलं.

अमोल: काकू तुम्हाला विनोदी काही आवडतं की नाही?

मोघे काकू: आवडतं म्हणून तर चिडते. ‘आता थांबायचं नाय’ बघितलास? मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कर्मचारी, भरत जाधव, सिद्धार्थ जाधव, दिवसभर कामं करून रात्रशाळेत दहावीला बसतात. सत्य घटनेवरचा आहे. वर्गात बाकावर मावत नाहीत, घरी मुलाला कळू नये म्हणून धडपडतात. मी हसत होते आणि पदराने डोळेही पुसत होते. तिथेही तेच, माणसाला काहीतरी हवंय, जिवाच्या आकांताने हवंय. मग विनोद शोधत फिरावं लागत नाही. ‘गुलकंद’ही त्याच दिवशी लागला होता, १ मेला. समीर चौघुले टीव्हीवर असतो तसाच आहे, ज्यांना आवडतो त्यांनी जरूर जावं.

सई: म्हणजे तुम्हाला आवडला नाही.

मोघे काकू: मी जरूर जावं म्हटलं.

नाईक काका: ‘तुंबाड’चं काय? तो पोरांना दाखवता येईल का?

मोघे काकू: अजिबात नाही, त्याला ए प्रमाणपत्र आहे. पण तुम्ही मोठी माणसं मोठ्या पडद्यावर बघायचे राहिला असाल तर पुन्हा लागेल तेव्हा सोडू नका. २०१८ ला आला तेव्हा आला कधी नि गेला कधी कळलं नाही. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमावले त्याने. पिठाच्या बाहुल्या घेऊन खाली उतरायचं, हस्तर त्यांच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढायच्या. बाप मुलाला हेच शिकवतो, दोरावर चढण्याची तालीम घेतो. एरवी बाप पोराला बँकेचं पासबुक कसं वाचायचं ते शिकवतो, तसं. मला भीती हस्तरची नाही वाटली, त्या पोराच्या उत्साहाची वाटली.

अमोल: काकू, सगळं कळलं. पण उद्याचं सांगा ना. आमचा आठ वर्षांचा आहे.

मोघे काकू: आता यूए, म्हणजे पोरांनी आईबापांच्या देखरेखीखाली बघायच्या सिनेमांमध्येही ७+, १३+, १६+ असे प्रकार केलेत. तिकीट काढताना तो आकडा बघ आणि तुझ्या बायकोला विचार. मला विचारशील तर घरी ‘झपाटलेला’ लाव.

अमोल: त्याला बाहुल्याची भीती वाटते. बेताळाची वाटत नाही, ट्रेलर पाठ आहे त्याला.

सई: बघा काकू, तात्या विंचू अजून फॉर्मात आहे.

अमोल: ताईचा फोन आला. तिची मोठी म्हणतेय ‘थामा’च बघायचा, मैत्रिणींनी बघितलाय. धाकट्याला आजीकडे ठेवतोय. दुपारी तीनचा शो, गाडीत एक जागा आहे.

मोघे काकू: मी येते. तिकीट काढ.

सई: काकू!!! आत्ताच एवढ्या शिव्या घातल्या ना?

मोघे काकू: परेश रावलसाठी. आणि ताडकेचं ते रक्ताचं प्रकरण मला पुन्हा नीट ऐकायचंय, काल मागचा माणूस फोनवर बोलत होता.

कदम (सेक्रेटरी): दुपारी गाडी काढताना बी विंगच्या बाजूने काढा. ए विंगच्या उतारावर मुलींनी रांगोळी काढलीय, गेल्या वर्षी टायर गेला होता वरून.