मदत हवी आहे : टोकियोत आर्केडसाठी एकच दिवस, कुठे जाऊ?

मंडळी जरा मदत करा. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच जपानला चाललोय, टोकियोत चार दिवस आहेत आणि त्यातला एक अख्खा दिवस मी आर्केडसाठीच, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या सेंटरसाठीच राखून ठेवलाय, कारण १९७८ मध्ये स्पेस इन्व्हेडर्स हा गेम ज्या देशात आला तिथे जाऊन नुसती देवळं बघून परत यायचं हे मनाला पटत नाही.

अकिहाबाराला जायचं नक्की आहे, पण तिथल्या मोठ्या सेंटरमध्ये खालचे मजले क्रेन गेमनेच (पंजाने बक्षीस उचलायची मशीन) भरलेले असतात असं वाचलं, मला त्यात रस नाही, मला जुन्या फायटिंग आणि शूटिंग गेमचे कॅबिनेट, म्हणजे उभी मशीन, हवेत. ताकादानोबाबा भागातल्या मिकाडो या आर्केडबद्दल खूप चांगलं ऐकलंय. कोणी गेलंय का? संध्याकाळी रेग्युलर लोकांची गर्दी असते तेव्हा नवख्याने त्यांच्या समोरच्या मशीनवर बसून त्यांच्याविरुद्ध खेळलं तर चालतं ना, की आधी विचारायचं असतं?

दुसरं म्हणजे १०० येनची नाणी. चेंज मशीन असतात पण ती १०,००० ची नोट घेतात का? रिदम गेमसाठी (गाण्याच्या तालावर बटणं दाबायचे गेम) स्कोअर सेव्ह करायचं कार्ड एका दिवसासाठी घ्यावं का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बरोबर १२ वर्षांचा भाचा आहे. १६ च्या खालच्या मुलांना संध्याकाळी ६ नंतर पालकांशिवाय सोडत नाहीत, तर मामा बरोबर असला तर चालतं का? त्याला नाही म्हणाले तर फार हिरमुसेल तो, म्हणून आधीच विचारतोय.