'सेइतो' (1911–1916): साहित्यिक मासिक की स्त्रीवादी?

ऋतुजा_वाचते: स्त्रियांनी स्वतंत्रपणे चालवलेल्या साहित्यिक नियतकालिकांविषयी वाचताना टोकियोच्या 'सेइतो'चा उल्लेख वारंवार आढळतो. स्त्रियांच्या साहित्यगुणांना वाव देणे, हेच उद्दिष्ट त्याने आरंभी जाहीर केले होते. मग त्याला स्त्रीवादी म्हणणे कितपत योग्य आहे? आणि त्यामागे पैसा कोणाचा होता?

शरयू: त्या काळी जपानमध्ये स्त्रियांना राजकीय सभेला हजर राहण्यासही कायद्याने बंदी होती, त्यामुळे एकत्र येऊन बोलण्यासाठी साहित्य हाच मार्ग खुला होता, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या उद्दिष्टाचा अर्थ लागत नाही. सप्टेंबर 1911 च्या पहिल्या अंकाच्या आरंभी योसानो अकिको यांची कविता होती आणि स्त्री मुळात सूर्य होती, आता ती परप्रकाशी चंद्र झाली आहे, असे सांगणारा मासिकाच्या संस्थापक हिरात्सुका राइचो यांचा लेख त्याच अंकात होता. याला केवळ साहित्यिक म्हणणे मला पटत नाही.

पैसा राइचोंच्या आईने दिला, आणि तोही मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून. कार्यालय मात्र संस्थापक गटातल्या मोझुमे काझुको यांच्या वडिलांच्या घरी होते. विवाहितेने प्रियकराला लिहिलेल्या पत्राच्या रूपातील अराकी इकुको यांच्या कथेमुळे एप्रिल 1912 च्या अंकावर बंदी आली, पोलीस त्या घरी पोहोचले, वडील संतापले आणि कार्यालय तिथून हलवावे लागले. पैसा स्त्रीचा असला तरी छप्पर वडिलांचे होते.

अनुराधा_पुणे: मालकीचा हा प्रश्न आपल्याकडेही आलाच. 1930 मध्ये सुरू झालेले 'स्त्री' मासिक किर्लोस्करांचे होते. विद्या बाळ यांनी तिथे दीर्घकाळ काम केले, संपादकपदही सांभाळले, परंतु धोरण ठरवण्याचा अंतिम अधिकार मालकांकडेच असतो. तिथून बाहेर पडल्यावर 1989 मध्ये त्यांनी पुण्यात 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले. संपादक स्त्री असणे आणि मासिक स्त्रियांचे असणे, यांत गल्लत करू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

निशिगंधा: मूळ प्रश्नाकडे वळायचे, तर 'सेइतो'चे शेवटचे पर्व अवश्य वाचावे. जानेवारी 1915 मध्ये विशीतल्या इतो नोए यांनी सूत्रे हाती घेतली, मासिक चालवणाऱ्या स्त्रियांच्या मंडळाचे नियम रद्द केले आणि पाने सर्व स्त्रियांसाठी खुली केली. त्यानंतर योनिशुचिता, गर्भपात आणि वेश्याव्यवसाय यांवर लेखिकांनी एकमेकींना नावानिशी उत्तरे देत वाद घातले. गर्भपाताविषयीच्या लेखनामुळे 1915 मध्येही एका अंकावर बंदी आली. फेब्रुवारी 1916 नंतर मासिक निघाले नाही. पहिल्या अंकाचेच गोडवे गाणाऱ्या अभ्यासकांनी या वर्षावर अन्याय केला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.