‘दत्तकपणाचा आत्मा’: दत्तक की पुत्रत्व?

प्रश्न

बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाने रोममधील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेले ‘रोमकरांस पत्र’ आहे. त्याच्या आठव्या अध्यायातील पंधराव्या वचनाचा आशय असा आहे की, पुन्हा भीती बाळगावी असा दासपणाचा आत्मा नव्हे, तर ‘दत्तकपणाचा आत्मा’ विश्वासणाऱ्यांना मिळाला आहे. प्रवचनांत याऐवजी ‘पुत्रत्वाचा आत्मा’ असेही कानी येते. बोलण्यात ‘दत्तक’ म्हटले की ‘सख्खा नव्हे’ ही छटा आधी जाणवते. मग भीतीतून सुटका सांगणाऱ्या वाक्यात हा शब्द उणा पडत नाही का? ‘पुत्रत्व’ अधिक चपखल ठरणार नाही का?

प्रतिसाद

माझ्या मते ‘दत्तकपण’च योग्य आहे. मूळ ग्रीक शब्द ‘हुइओथेसिया’ हा आहे. ‘हुइओस’ म्हणजे पुत्र आणि ‘थेसिस’ म्हणजे ठेवणे, स्थापणे. एकूण अर्थ, पुत्राच्या जागी बसवणे. नव्या करारात तो अवघा पाच वेळा येतो, आणि तोही पौलाच्या नावच्या पत्रांतच: रोमकरांस तीनदा, गलतीकरांस व इफिसकरांस एकेकदा. जो जन्मानेच पुत्र आहे त्याच्यासाठी हा शब्द वापरत नाहीत. ‘पुत्रत्व’ म्हटले की नाते उरते, पण ते जोडले गेल्याची घटना पुसली जाते.

‘सख्खा नव्हे’ ही छटा आपली आहे, रोमची नव्हे. हे पत्र साधारणपणे इ. स. ५७च्या सुमारास लिहिले गेले असे मानतात. त्याआधी, इ. स. ५०मध्ये, सम्राट क्लॉडियसने ब्रिटानिकस हा औरस मुलगा असतानाही नीरोला दत्तक घेतले होते, आणि इ. स. ५४मध्ये गादीवर बसला तो नीरोच. तो पुढे कसा निघाला हा निराळा विषय. परंतु पत्र ऐकणाऱ्या रोमकरांच्या डोक्यावर त्या घडीला एक दत्तक पुत्रच राज्य करीत होता, तेव्हा दत्तक म्हणजे दुय्यम असे त्यांच्या मनात येण्याचे कारण नव्हते. दत्तकाचा जन्मघराशी असलेला कायदेशीर संबंध तुटे आणि नव्या घराचे नाव व वारसा त्याला मिळे. आपल्याकडेही मनुस्मृती (९.१४२) हेच सांगते की, दत्तक दिलेल्या मुलाने जन्मदात्याचे गोत्र आणि धन घेऊ नये. कवळाण्याचा गोपाळ २७ मे १८७५ रोजी बडोद्याच्या गायकवाडांकडे दत्तक गेला, तो सयाजीराव झाला. त्यानंतर त्याला कवळाण्याचा कोणी म्हटले तरी गादीवरील त्याच्या हक्काला बाध येत नव्हता.

भीतीचा संबंध इथे येतो. दासाचे घरातील स्थान धन्याच्या मर्जीवर आणि दासाच्या कामावर अवलंबून असते. काम बिघडले की तो विकलाही जाऊ शकतो. ‘दास घरात सर्वकाळ राहत नाही, पुत्र सर्वकाळ राहतो’ असे योहानाच्या शुभवर्तमानात (८:३५) म्हटले आहे. दत्तकाचे स्थान विधीवर उभे असते. त्याचे गुण पाहून ते रोज नव्याने ठरवले जात नाही, आणि म्हणून भीतीचे कारणच उरत नाही.

आपल्या शब्दात एक उणीव मात्र आहे, ती वेगळीच. ग्रीक शब्द जागेकडे पाहतो. हिंदी बायबलमधील ‘लेपालकपन’ घेऊन पाळणाऱ्याकडे पाहते. आणि ‘दत्तक’ हा ‘दत्त’पासून आलेला असल्याने देणाऱ्याच्या हाताकडे पाहतो. जुन्या हिंदू कायद्यात देणारे आईबापच नसतील तर दत्तकविधान होत नसे, म्हणजे पोरक्या मुलाला सामान्यतः दत्तक जाताच येत नसे. ख्रिस्ती श्रद्धेत घरात घेतला जातो तो नेमका हाच पोरका. ‘मी तुम्हांला अनाथ असे सोडणार नाही’ (योहान १४:१८) हे वचन त्याच्यासाठी आहे. त्यामुळे व्युत्पत्ती फार ताणू नये. (जाता जाता: ज्यांच्या धर्मग्रंथात हा शब्द आहे त्या भारतीय ख्रिस्ती कुटुंबांना १८९०च्या पालकत्व कायद्याखाली दीर्घकाळ सामान्यतः ‘पालक’ एवढेच होता येत होते.)

‘गाव दत्तक घेणे’, ‘झाड दत्तक घेणे’ या आजच्या प्रयोगांनी शब्द आणखी झिजवला आहे. ते दत्तकपण वर्षभराचेही असू शकते, आणि पौलाच्या वाक्यात तेवढे चालणार नाही.

पुन्हा प्रश्न

विवेचन पटले, तरी दोन शंका उरतात. मराठी वाचकाला दत्तक म्हटले की झाशी आठवते. तिथे विधी होऊनही वारसा गेलाच. आणि ‘परमेश्वराचे भय’ ज्ञानाचा प्रारंभ असेल, तर भीती गेली असे कसे म्हणावे?

प्रतिसाद

दुसरी शंका आधी घेतो. ग्रीकमध्ये दोन्हींसाठी ‘फोबोस’ हा एकच शब्द चालतो. मराठीत मात्र आदराच्या अर्थी ‘भय’ आणि धास्तीच्या अर्थी ‘भीती’ असा कल दिसतो. ‘प्रीतीच्या ठायी भीती नसते’ (१ योहान ४:१८) इथे ‘भय’ तितकेसे बसत नाही. हा नियम सरसकट नाही. ‘भीत व कापत आपले तारण साधून घ्या’ (फिलिप्पैकरांस २:१२) हे वाक्य त्याला छेद देते. ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडिताने याच योहानपत्रावर बोलताना दोन स्त्रियांचा दाखला दिला आहे: दोघीही नवऱ्याला भितात, पण एकीला तो येईल याची भीती असते आणि दुसरीला तो जाईल याची. दत्तकपणाने जाते ती पहिली भीती.

‘दास’ या शब्दाबाबतही सावध राहावे लागते. ‘रामदास’ हे आपल्याकडे गौरवाचे नाव आहे, आणि पौलही याच पत्राच्या पहिल्या ओळीत स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवतो. म्हणून मराठी कानाला ‘दासपणाचा आत्मा’ पुरेसा जाचक वाटत नाही. तिथे ‘गुलामगिरी’ ऐकावी, म्हणजे पुढच्या ‘दत्तकपणा’चे वजन कळते.

आता झाशी. गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी दत्तक घेतले आणि दुसऱ्याच दिवशी ते वारले. १८५४मध्ये कंपनीने संस्थान खालसा केले. विधीत खोट नव्हती. दत्तक मान्य करायचे की नाही हे ठरवणारी वरिष्ठ सत्ता दत्तक घेणाऱ्याच्या डोक्यावर होती. पौलाच्या वाक्यात दत्तक घेणारा स्वतः देव आहे, तेव्हा त्याच्यावर मंजुरी देणारा किंवा नाकारणारा कोणी नाही. आपली शंका उलट अर्थ स्पष्ट करायलाच उपयोगी पडते. आठव्याच अध्यायाचे तेविसावे वचन हे दत्तकपण अजून पूर्ण व्हायचे आहे असे म्हणते, पण ती प्रतीक्षा आहे; मंजुरीची धाकधूक नव्हे.

पंधराव्या वचनात याच आत्म्याच्या योगे देवाला मारलेली ‘अब्बा, बापा’ ही हाकही लक्षात घ्यावी. ‘अब्बा’ हा अरामी शब्द. तो बाळाचा बोबडा बोल आहे हा लोकप्रिय समज बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी १९८८मध्ये साधार खोडून काढला. मोठी मुलेही बापाला तशीच हाक मारीत. मराठी अनुवादकांनी प्रभूच्या प्रार्थनेत ‘पित्या’ ठेवले, पण इथे ‘अब्बा, बापा’ असे लिहिले. ज्ञानेश्वरांची ‘बापरखुमादेवीवरु’ ही मुद्रा ज्या भाषेत आहे, त्या भाषेत देवाला ‘बापा’ म्हणणे ओबडधोबड वाटायचे कारण नाही.