छातीत वारंवार दुखतं, ईसीजी नॉर्मल. हे काळजीमुळेच आहे हे ओळखायचं कसं?

कातरवेळ:

नमस्कार. वय ४४. गेले पाच महिने छातीत डाव्या बाजूला दुखतंय. बोट ठेवून दाखवता येईल अशी जागा आहे, मधल्या हाडापासून दोन बोटं डावीकडे. कधी सुई टोचल्यासारखी कळ येते आणि दोन-तीन सेकंदांत जाते. कधी दिवसभर तिथे काहीतरी अडकून बसल्यासारखं वाटत राहतं. बहुतेकदा संध्याकाळी, कामं आवरून टेकले की. घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढते तेव्हा धाप लागते, पण दुखत नाही.

ईसीजी दोनदा काढला, दोन्ही नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." मी मान डोलावली आणि बाहेर पडले. पायऱ्या उतरतानाच मनात आलं, दुखत नसताना काढलेल्या ईसीजीत दिसणार तरी काय?

ही भीती कुठून आली ते मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी दादाला (तेव्हा वय ४९) रात्री छातीत जळजळायला लागलं. "ॲसिडिटी आहे, झोपलो की बरं वाटेल," म्हणाला. गोळी मीच दिली. पहाटे चारला त्याला दरदरून घाम फुटला तेव्हा दवाखान्यात नेलं. हार्ट अटॅक होता. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट टाकला, आता तो छान आहे, रोज चालायला जातो. पण रात्री साडेदहा ते पहाटे चार हा वेळ माझ्या हातून गेला, हे काही केल्या मनातून जात नाही. म्हणून 'काही नाही' म्हटलं की माझा विश्वासच बसत नाही. हल्ली रात्री फोन वाजला की आधी छातीत कळ येते.

काळजीचं दुखणं आणि हृदयाचं दुखणं यातला फरक आपला आपल्याला कळतो का? ज्यांनी हे सोसलंय त्यांनी कृपया सांगा.

रात्रपाळी:

ताई, मी १७ वर्षं कॅज्युअल्टीत नर्स आहे. आधी तुमच्या दादाबद्दल. आमच्याकडेसुद्धा फक्त लक्षणं ऐकून कुणी ठरवत नाही. ईसीजी परत परत काढतात, ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) रक्ततपासणी काही तासांनी पुन्हा करतात, कारण सुरुवातीला दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. ॲसिडिटीच्या औषधाने बरं वाटलं म्हणून हृदयाचं नाही, असंही आम्ही धरत नाही. मग रात्री साडेदहाला घरात बसून तुम्हाला ते कसं कळणार होतं?

आता फरकाबद्दल. हृदयाचं दुखणं सांगताना माणूस सहसा एक बोट ठेवत नाही, पंजा किंवा मूठ ठेवतो. "दुखत नाही हो, दाबल्यासारखं होतंय," असं म्हणणारे मी खूप पाहिलेत. ते चालताना, चढताना, वजन उचलताना येतं आणि थांबलं की थोड्या मिनिटांत ओसरतं. खांद्यात, हातात, जबड्यात, पाठीत जातं. तुमचं नेमकं उलटं दिसतंय: श्रमात नाही, बसल्यावर आहे, जागा बोटाएवढी, कळ दोन सेकंदांची. तुम्ही म्हणता त्या ठिकाणी बरगडी मधल्या हाडाला कूर्चेने जोडलेली असते. तिथे हळूच दाबून पाहा. तीच ओळखीची कळ उठली तर दुखणं छातीच्या भिंतीचं असण्याची शक्यता वाढते.

पण शक्यता म्हणजे खात्री नव्हे. बायकांमध्ये, मधुमेह असणाऱ्यांमध्ये, वयस्कर लोकांमध्ये हृदयाचा त्रास नुसता दम, मळमळ, विलक्षण थकवा असाही येतो. आणि सख्ख्या भावाला ५५च्या आत हृदयविकार होणं हा डॉक्टरांच्या हिशेबात महत्त्वाचा मुद्दा आहे. तुम्ही त्यांना तो सांगितलात का? तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की नसेल सांगितला. सांगा. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन बघून घ्या. स्ट्रेस टेस्ट (फिरत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी बघतात ती) किंवा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) हवी का, हे स्पष्ट विचारा.

आणि कधीही छातीवर जड ओझं ठेवल्यासारखं झालं, १०-१५ मिनिटांत गेलं नाही, सोबत घाम, दम, चक्कर, उलटीची भावना असली, तर काळजी की हृदय याचा विचार करत बसू नका. ॲम्ब्युलन्स बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. खोटा निघालेला इशारा घेऊन रात्री तीनला आलेल्या माणसाचा आम्हाला कधीच राग येत नाही.

अधूनमधून:

यात भर घालतो. माझ्या बायकोला चार महिने सगळे 'स्ट्रेस आहे' म्हणत होते. छातीत धडधड, दुखणं, झोप नाही. हात थरथरत होते आणि वजन उतरत होतं, याकडे आमचंही लक्ष नव्हतं. शेवटी साध्या रक्ततपासणीत थायरॉईड वाढलेला निघाला. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत धडधड थांबली. त्या यादीत थायरॉईड नक्की घाला. काळजी हे निदान बाकीचं बघून झाल्यावरच कुणी करावं, असं माझं ठाम मत आहे.

संथपाणी:

मी सहा वर्षं या त्रासातून गेलोय, म्हणून दुसरी बाजू सांगतो. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या, आणि तरीही दुखत होतं. मग मला वाटायला लागलं की लोक मला खोटारडा समजतात. ज्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की दुखणं खरं आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांना असंच व्हायचं: छातीत दुखायचं, धडधडायचं, दम लागायचा, आणि तपासल्यावर हृदयात दोष सापडायचा नाही. जेकब दा कोस्टा या डॉक्टरने १८७१ साली त्यावर लिहून ठेवलंय. ते सैनिक नाटक करत नव्हते. हे ऐकून मी त्यांच्यासमोर रडलो होतो.

शरीरात काय होतं ते मला समजलं ते असं. भीती वाटली की आपण छातीच्या वरच्या भागाने भराभर श्वास घेतो. बरगड्यांमधले स्नायू तासन् तास ताठ राहतात आणि दुखायला लागतात. जास्त श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मुंग्या आल्या की मला वाटायचं, झालं, हाच अटॅक. त्या भीतीने श्वास आणखी वाढायचा. पॅनिकचा जोर साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरू लागतो. माझा प्रत्येक वेळी असाच उतरला.

मला उपयोग झाला तो वहीचा. महिनाभर तीनच गोष्टी लिहिल्या: कधी दुखलं, त्याआधी काय करत होतो, किती वेळ राहिलं. श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा, हेही शिकलो. आणि सगळ्यात कठीण गेलं ते नाडी मोजणं सोडणं. मी दिवसातून तीस-चाळीस वेळा मनगट धरायचो. प्रत्येक वेळी दोन मिनिटं बरं वाटायचं आणि मग पुन्हा मोजावंसं वाटायचं. ताई, तुम्ही ती जागा दिवसातून किती वेळा दाबून बघता? रात्रपाळींनी सांगितलेलं दाबून बघणं एकदाच करा. रोज दाबलं तर ती जागा त्यानेच दुखेल.

औषध आणि समुपदेशन दोन्ही घेतलं. औषध दीड वर्षाने डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू बंद केलं.

कातरवेळ:

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला. सगळ्यांचे मनापासून आभार.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि दादाचं सगळं सांगितलं. खरंच आधी सांगितलं नव्हतं, जीभच रेटली नव्हती. थायरॉईड आणि साखर ठीक आहे. हिमोग्लोबिन ९.८ आलं, त्यासाठी लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात. धाप लागण्यात त्याचा वाटा असू शकतो, म्हणाले. स्ट्रेस टेस्ट केली. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. मी कठडा घट्ट धरून होते, नऊ मिनिटं चालले, नाडी १५२पर्यंत गेली, पायांत गोळे आले, पण छाती गप्प होती. ईसीजीत काही बदल नाही. टूडी इकोही चांगला. डॉक्टरांनी त्या जागेवर अंगठा दाबला आणि मी ओरडलेच. कूर्चेला सूज आहे, आणि ताणाने स्नायू आखडतात ते वेगळं, असं दोन्ही एकत्र आहे म्हणाले. कोणती लक्षणं दिसली तर लगेच यायचं तेही एका कागदावर लिहून दिलं. तो कागद फ्रिजवर लावलाय, त्याचा मला फार आधार वाटतो.

वही सुरू केली. १९ दिवसांत १४ वेळा दुखलं. त्यातल्या ११ वेळा संध्याकाळी सात ते नऊमध्ये. दादा त्या वेळी चालायला गेलेला असतो आणि फोन घरी ठेवून जातो. हे मला लिहून काढेपर्यंत दिसलंच नव्हतं.

परवा त्याला सगळं सांगितलं, गोळीचंही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अगं, मीच तुला ॲसिडिटी म्हणालो होतो ना!" आता तो फोन खिशात घेऊन जातो. तरी काल साडेसातला दुखलंच. मी वहीत वेळ लिहिली, आणि हात छातीकडे गेला होता तो मागे घेतला. गुरुवारी समुपदेशकाची पहिली भेट आहे.

संथपाणी, एक विचारायचंय. पहिल्या भेटीत वही दाखवलेली चालते का?

संथपाणी:

जरूर दाखवा. मी दाखवली होती, त्यांनी आधी तीच वाचायला घेतली.